संगीत नाटकांच्या जुन्या स्पूल टेप, कॅसेट, हँडबिलं (जयराम-जयमाला शिलेदार) – जपायचं कसं आणि द्यायचं कुणाला?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागणार.

माझ्या आईचे मामा, म्हणजे आमचे मामाआजोबा, संगीत नाटकाचे वेडे होते. सांगली, मिरज, कोल्हापूर, पुणे, जिथे कुठे जयराम आणि जयमाला शिलेदारांचा प्रयोग लागेल तिथे हे हजर. नोकरी साधी होती पण पैसे साठवून स्पूलचा (उघड्या चकरीवर टेप फिरते तो) टेपरेकॉर्डर घेतला होता आणि रीतसर विचारून प्रयोग टेप करायचे असं आई सांगते. आता ते नाहीत, मामीआजीही गेल्या, घर रिकामं करायचंय आणि त्यांचं एक लोखंडी कपाट आमच्याकडे आलंय. त्यात स्पूल आहेत, कॅसेटचे खोके आहेत, हँडबिलांचे गठ्ठे, थिएटरबाहेर विकायचे ती पदांची पुस्तकं, वर्तमानपत्रातली कात्रणं, आणि त्यांच्या हाताच्या वह्या ज्यात पदांचं नोटेशन लिहिलंय आणि मधेमधे "आज इथे वेगळी जागा घेतली" (जागा म्हणजे गाण्यातली खास हरकत) असल्या नोंदी आहेत.

ज्यांना हे जोडपं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जयराम शिलेदार म्हणजे १९४७ च्या लोकशाहीर रामजोशी सिनेमातले रामजोशी. जयमालाबाई मूळच्या इंदूरच्या प्रमिला जाधव, बालगंधर्वांची गायकी ज्यांनी आयुष्यभर सांभाळली त्यातल्या एक. १९४९ साली 'मराठी रंगभूमी' ही नाटक कंपनी निघाली आणि ज्या काळात सगळे म्हणत होते की संगीत नाटक संपलं, त्याच काळात या दोघांनी गावोगाव सौभद्र, मानापमान, स्वयंवर उभं ठेवलं. पुढे मुली कीर्ती आणि लता (दीप्ती भोगले) याही त्याच रंगमंचावर आल्या. जयरामजी १९९२ साली गेले, जयमालाबाईंना २०१३ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या, कीर्तीताई जानेवारी २०२२ मध्ये गेल्या. म्हणजे या टेपमध्ये जे आहे ते परत कुणी गाऊन दाखवणार नाहीये.

घरात आता तीन मतं आहेत. एक मामेभाऊ म्हणतो कागद रद्दीत घाल, गाण्याच्या टेप तेवढ्या ठेव. दुसरा म्हणतो कुठल्या तरी दुकानात नेऊन एमपीथ्री करून घेऊ, फक्त पदं कापून ठेवू, मधली गद्य बोलणी कशाला, आणि लगेच यूट्यूबवर टाकू. मला दोन्ही पटत नाहीये पण मला त्यातलं कळतही नाही. काही स्पूलना आंबूस वास येतोय आणि दोन-तीन कॅसेटवर पांढरी बुरशी दिसतेय, पावसाळा तोंडावर आलाय म्हणून जीव खालीवर होतोय. कुणी अनुभवी असेल तर प्लीज सांगा, आधी काय करू?

---

जुनी तबकडी:

ताई, सगळ्यात आधी एक करा, म्हणजे खरं तर करू नका. एकही टेप लावून बघू नका. उत्सुकता कितीही असली तरी नाही. बुरशी लागलेली टेप मशीनवर चढवली की हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) बुरशी लागते आणि पुढची चांगली टेपही खराब होते, आणि जुनी टेप पहिल्याच फेरीत तुटली किंवा तिचा थर सुटला तर तोच तिचा शेवटचा प्रयोग. बुरशीवाल्या कॅसेट आजच वेगळ्या पिशवीत घालून दुसऱ्या खोलीत ठेवा, हाताळताना मास्क लावा, नुसत्या फुंकू नका, ती बुरशी छातीत जाते.

आंबूस वास म्हणजे व्हिनेगरसारखा का? तसा असेल तर ती अ‍ॅसिटेटची टेप आहे आणि तिचं रसायन सुटायला लागलंय. ओळखायची सोपी खूण सांगतो, स्पूल दिव्यासमोर आडवी धरा, गुंडाळीतून उजेड आरपार झिरपताना दिसला तर अ‍ॅसिटेट, अंधार दिसला तर पॉलिएस्टर (टेपच्या पट्टीच्या प्लास्टिकचे हे दोन प्रकार). वासवाल्या स्पूल बाकीच्यांपासून लांब ठेवा कारण ते आम्ल शेजारच्या टेपलाही पोचतं. त्या हवाबंद डब्यात कोंडू नका, आणि डिजिटायझेशनमध्ये पहिला नंबर त्यांचा लावा. त्यानंतरच्या काळातल्या काही टेपना वेगळाच रोग असतो, चिकट होतात, मशीनवर किंचाळतात, थर हेडवर उतरतो. त्यावर टेप मंद उष्णतेवर काही तास ठेवण्याचा उपाय आहे पण तो प्रयोगशाळेतलाच माणूस करू शकतो, घरच्या ओव्हनमध्ये कुणी सांगितलं तरी करू नका आणि अ‍ॅसिटेटला तर तो उपाय अजिबातच चालत नाही.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या पट्ट्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी पुसली जाणार नाही. सगळं उभं ठेवा, स्पीकर आणि मोटारींपासून लांब, कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर काढून टाका. सांगलीच्या पावसाळ्यात जमलं तर जमिनीपासून वरच्या मजल्यावरच न्या, पुराचं पाणी मी सांगायला नको.

आता तुमच्या दुसऱ्या मामेभावाबद्दल. पदं कापून ठेवणं म्हणजे हातात आलेलं खरं धन फेकणं आहे. पद रेकॉर्डवर मिळतंच हो, पण कसं मिळतं? ७८ च्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. बालगंधर्वांच्या पिढीला आपण आज त्या तीन मिनिटांत ओळखतो, पण थिएटरात तेच पद किती तरी लांबायचं, वन्समोअर यायचा, दुसऱ्यांदा तेच पद वेगळ्या अंगाने जायचं, आणि पद सुरू व्हायच्या आधीचं वाक्य सुराकडे कसं झुकायचं ते तर तबकडीवर कुठेच नाही. गद्यातून पदात शिरायची ती जागा हीच संगीत नाटकाची खरी कला आहे आणि ती फक्त अशा प्रयोगाच्या टेपमध्येच सापडते. टाळ्या, वन्समोअर, ऑर्गनवाल्याने दिलेला सूर, अंकाची घंटा, सगळं ठेवा. शेवटची खरखरसुद्धा कापू नका.

भाऊराव कोल्हटकरांचं उदाहरण घ्या. किर्लोस्कर नाटक मंडळीतला सगळ्यात गाजलेला आवाज, १९०१ च्या फेब्रुवारीत गेले, आणि ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग कलकत्त्यात रेकॉर्डिंग करायला आला १९०२ च्या शेवटी. दोन वर्षांच्या आत चुकामूक झाली आणि भाऊरावांचा एक सूर आपल्याकडे नाही. जे काही कळतं ते लोकांनी लिहून ठेवलेल्या आठवणींतून, पत्रांतून, जाहिरातींतून. म्हणून पहिल्या मामेभावालाही सांगा, कागद रद्दीत अजिबात नाही.

---

पायपेटी:

+१ वरच्या सगळ्याला. मी हौशी नाट्यसंगीतात ऑर्गनची साथ करतो त्यामुळे एक वेगळा मुद्दा घालतो.

स्पूलचा वेग. घरगुती मशीनवर बहुतेक पावणेचार किंवा साडेसात इंच सेकंदाला असा वेग असायचा, आणि टेप वाचवायला लोक हळू वेगावर भरायचे. साडेसातवर बाराशे फुटांची स्पूल एका बाजूला साधारण अर्धा तास चालते आणि पावणेचारवर तासभर, त्यामुळे तीन-चार तासांचं नाटक भरणारा माणूस कुठला वेग निवडेल ते उघड आहे. शिवाय दोन्ही बाजूंनी भरलेलं असतं. ज्याला हे माहीत नाही असा दुकानदार चुकीच्या हेडच्या मशीनवर लावतो आणि मग एका बाजूचं सुलट आणि दुसऱ्या बाजूचं उलटं गाणं एकावर एक ऐकू येतं, आणि तो सांगतो टेप खराब आहे.

त्यात तेव्हाची मशीन व्होल्टेजप्रमाणे थोडी हळू-जलद पळायची. इथे गायकाची पट्टी, म्हणजे तो पेटीच्या कुठल्या सुराला सा धरतो ते, महत्त्वाची. आवाज अर्ध्या सुराने चढला तरी ऐकणाऱ्याला कळत नाही पण काळी एकचं पद पांढरी दोनमध्ये जातं, तान उगाच चपळ वाटते, आणि नवीन शिकणारी मुलं ते खरं धरून गळ्यावर अत्याचार करतात. यावर एक पक्की युक्ती आहे, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिची घरघर मूळ रेकॉर्डिंगमध्ये बारीक उतरलेली असते. कॉम्प्युटरवर ती ५० ऐवजी ५३ ला दिसली तर टेप साधारण अर्धा सूर वर पळतेय असं धरायचं. फक्त ती घरघर आत्ताच्या मशीनची नाही ना हे आधी तपासायचं. आणि हे सगळं दुसऱ्या कॉपीवर करायचं, मूळ कॉपी जशी उतरली तशीच राहू द्यायची.

मामाआजोबांच्या वह्यांबद्दल वाचून खरंच अंगावर काटा आला. "आज इथे वेगळी जागा घेतली" ही नोंद आणि त्याच दिवसाची टेप, दोन्ही एका कपाटात असणं किती दुर्मिळ आहे सांगू. आमच्याकडे नोटेशनची छापील पुस्तकं आहेत पण त्यात पद एकच असतं, ठरलेलं. एकच बाई तेच पद वर्षानुवर्षं कसं बदलत गेली, वयाप्रमाणे कुठली जागा सोडली, कुठे नवीन काढली, हे शिकायला दुसरं साधनच नाही. जयमालाबाईंनी बालगंधर्वांचं जसंच्या तसं उचललं असं बोललं जातं, मला ते कधीच पूर्ण पटलं नाही. अशा टेपा-वह्या समोरासमोर ठेवल्या तरच कळेल त्यांचं स्वतःचं काय होतं.

---

मुक्काम दादर:

सगळं मान्य, पण मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. हे सगळं संस्थेत देऊन काय होतं? कपाटातून निघून दुसऱ्या कपाटात जातं. माझ्या ओळखीत एकांनी वडिलांचा संग्रह एका ठिकाणी दिला आणि आता तो बघायलासुद्धा अर्जावर अर्ज करावे लागतात, कुणाला सापडत नाही कुठे ठेवलाय. त्यापेक्षा मामेभावाचं बरोबर आहे, यूट्यूबवर टाका, जगभरातली माणसं ऐकतील, नाटक करणारी मुलं ऐकतील. ऐकलं गेलं तरच संगीत जगतं ना.

---

एडिसनकर:

मुक्काम दादर, तुमची तळमळ पोचली, पण अपलोड करणं आणि जपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे टाकलेला आवाज दाबलेला असतो, अकाउंट गेलं की गेला, आणि कुणी तक्रार केली तर एका दिवसात उडतो. आधी जपा, मग ऐकवा, दोन्ही करा पण क्रम तो ठेवा.

मी इथे न्यू जर्सीत एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत हस्तलिखितांच्या विभागात काम करते आणि आमच्याकडे ऑपेरा गायकांचे असे संग्रह येतात, नवरा-बायको दोघे गायक असलेलेही. खोकी उघडली की काय निघतं, तर करारपत्रं, दौऱ्याची वेळापत्रकं, पत्रं, स्वतःच्या पेन्सिलीने खुणा केलेल्या स्वरलिप्या, कार्यक्रमपत्रिका, फोटो, आणि घरगुती टेप. तुमच्या कपाटात जे आहे त्याच्याशी ताडून बघा, काहीच फरक नाही.

त्यावरून दोन-तीन गोष्टी अगदी कळकळीने सांगते. पहिली, क्रम मोडू नका. मामाआजोबांनी एखाद्या स्पूलच्या खोक्यात हँडबिल आणि तिकीट घालून ठेवलं असेल तर ते तसंच राहू द्या, कारण ती स्पूल कुठल्या प्रयोगाची हे सांगणारा तेवढा एकच पुरावा असतो. कागद कागदात, टेप टेपमध्ये असं नीटनेटकं लावायला गेलात की तो धागा तुटला. हलवायच्या आधी प्रत्येक कप्प्याचे मोबाईलवर फोटो काढा, मग प्रत्येक खोक्याला मऊ पेन्सिलीने नंबर द्या आणि एका वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवा, खोक्यावर काय लिहिलंय ते शब्दन् शब्द, चुकीचं वाटलं तरी तसंच. टेप वेगळ्या खोलीत न्यायचीच असेल, बुरशीमुळे, तर खोका आणि टेप दोघांवर तोच नंबर.

दुसरी गोष्ट, कागदाला सेलोटेप नाही, लॅमिनेशन नाही. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हलक्या हाताने काढा, रबरबँड काढा. वर्तमानपत्राची कात्रणं बाकी कागदांपासून वेगळी कारण त्यांचं आम्ल शेजारी उतरतं आणि ती पिवळी सावली कायमची राहते. आम्लमुक्त कागदाची पाकिटं मिळतात, नाही मिळाली तर तात्पुरतं स्वच्छ सुती कापड चालेल. हँडबिलाची मागची बाजूही स्कॅन करा, बरेचदा खरी मजा मागे असते, कुणीतरी हिशेब लिहिलेला असतो नाहीतर त्या दिवशी कोण आजारी होतं ते.

आणि तिसरी, जी माझ्या मनाला जास्त लागते. जोडप्याचा संग्रह आला की तो नवऱ्याच्या नावावर लागतो. कंपनी त्याच्या नावाची, सह्या त्याच्या, पत्रव्यवहार त्याचा, आणि बाईंचं काम "आणि सौ." एवढ्यात संपतं. भोळे पती-पत्नींचंही बघा, केशवराव भोळे भरपूर लिहायचे, एकलव्य नावाने समीक्षा करायचे, त्यामुळे त्यांना काय वाटायचं ते आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता येतं. त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई १९३३ च्या आंधळ्यांची शाळा नाटकात उभ्या राहिल्या, १९४२ ला कुलवधूत गायल्या, त्यांचं काम समजून घ्यायला आपल्याला आवाजाकडे जावं लागतं. त्यामुळे यादी करताना प्रत्येक नोंदीत जयमालाबाईंचं नाव वेगळं लिहा, भूमिका लिहा, आणि ऑर्गन, तबला, सारंगी कोण होतं तेही. पुढे शोधणारा माणूस त्या नावानेच शोधणार आहे.

तबकडी यांच्या भाऊरावांच्या उदाहरणाला एक जोड देते. वाग्नरच्या ट्रिस्टान आणि इझोल्ड या ऑपेरात १८६५ च्या जूनमध्ये म्युनिकला पहिल्यांदा उभे राहिले ते खरे पती-पत्नी, लुडविग आणि मालविना श्नोर फोन कारोल्सफेल्ड. दीड महिन्यात लुडविग गेला, एकोणतीस वर्षांचा होता. एडिसनचा फोनोग्राफ अजून बारा वर्षं लांब होता. त्या दोघांनी ते कसं गायलं असेल यावर आजही लोक लिहितात आणि हातात आहेत फक्त कागद. तुमच्याकडे कागद आणि आवाज दोन्ही आहेत.

---

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बुरशीच्या कॅसेट वेगळ्या केल्या, वासाच्या स्पूल दिव्यासमोर धरल्या तर उजेड आरपार येतोय, म्हणजे अ‍ॅसिटेटच. फोटो काढायला सुरुवात केलीय, आणि हो, काही स्पूलच्या खोक्यांत खरंच हँडबिलं निघाली!

पण अडचण अशी की हँडबिलांवर वर्षच नाहीये. वार आहे, तारीख आहे, महिना आहे, वेळ आहे, "रात्रौ ठीक ९.३० वा." वगैरे, पण साल कुठेच नाही. छापणाऱ्यांना वाटलं नसेल की कुणी पन्नास वर्षांनी वाचेल. यावर काही मार्ग आहे का?

आणि कायद्याचं काय, टेप आमची आहे म्हणजे आवाजही आमचा का?

---

जुनी तबकडी:

वार आणि तारीख दोन्ही आहेत ना, मग सालाच्या अगदी जवळ पोचता येतं. समजा हँडबिलावर "शनिवार ता. ५ ऑगस्ट" छापलंय. १९६० ते १९९० च्या दरम्यान ५ ऑगस्टला शनिवार येतो तो १९६१, १९६७, १९७२, १९७८, मग एकदम १९८९. म्हणजे पाचच उरले. आता थिएटर बघा, पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर असेल तर ते उघडलं १९६८ च्या जूनमध्ये, पहिले दोन बाद. मग खाली छापखान्याचा किंवा बुकिंगचा पत्ता बघा, त्यात पिनकोड आहे का? पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, त्यामुळे पिनकोड असेल तर १९७२ ची ५ ऑगस्टही बाद. राहिले १९७८ आणि १९८९, तिथे तिकिटाचे दर आणि नटसंच बघून ठरतं.

जुन्यांसाठी दर बघा, आण्यात असतील तर १९५७ च्या एप्रिलच्या आधीचं असण्याची शक्यता मोठी कारण तेव्हा नवे पैसे आले (आणे लोकांच्या तोंडात बरीच वर्षं राहिले म्हणून एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नका). कुठे सरकारी शिक्क्यात "मुंबई राज्य" असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. नाटकावरूनही कळतं, विद्याधर गोखल्यांचं स्वरसम्राज्ञी असेल तर १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही. एकदा साल नक्की वाटलं की त्या तारखेच्या दैनिकातली नाटकांची जाहिरात बघायची, जुन्या ग्रंथालयांत फायली असतात, तिथे शिक्कामोर्तब होतं. अनुमानाचं साल चौकोनी कंसात लिहा म्हणजे छापील आणि आपण काढलेलं यात गोंधळ होणार नाही.

---

वकिलीण बाई:

कायद्याचं मी सांगते, पण हे फोरमवरचं सांगणं आहे, करार करायच्या वेळी कुणाला तरी समोर बसून दाखवा.

टेप ही वस्तू तुमची. त्यातला आवाज, पद, चाल, नाटक हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नाटककाराचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. किर्लोस्कर १८८५ ला गेले, देवल १९१६ ला, खाडिलकर १९४८ ला, त्यामुळे सौभद्र, शारदा, मानापमान, स्वयंवर यांच्या संहिता मोकळ्या आहेत. पण विद्याधर गोखले १९९६ साली गेले, त्यांची नाटकं २०५६ संपेपर्यंत संरक्षित आहेत. संगीतकाराचंही तसंच मृत्यूपासून मोजायचं. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, आणि गाणाऱ्या कलाकाराचा हक्क त्याहून वेगळा, तो प्रयोगापासून पन्नास वर्षं धरला जातो. म्हणजे एकाच टेपवर चार-चार लोकांचा हक्क असू शकतो.

त्यामुळे जपण्यासाठी घरात कॉपी करून ठेवणं आणि सगळ्या जगाला वाटणं यात फरक करा. कंपनीच्या आणि शिलेदारांच्या घरच्यांना आधी कळवा, एक प्रत त्यांना द्या. कायद्यापलीकडचंही ते आहे, त्यांनी मामाआजोबांना विश्वासाने टेप करू दिलं होतं. आणि अशा घरांना अनेकदा स्वतःचेच जुने प्रयोग मिळालेले नसतात, गाणारा माणूस रंगमंचावर असतो, टेप प्रेक्षकांतल्या कुणाकडे असते.

मुक्काम दादर यांच्या शंकेवर, संस्थेला देताना नुसतं "दान दिलं" असं लिहू नका. करारात लिहून घ्या की संग्रह एकत्र राहील, यादी लोकांना बघायला मिळेल, ऐकायची सोय किती दिवसांत होईल, तुम्हाला पूर्ण डिजिटल प्रत मिळेल, आणि तुमच्या परवानगीशिवाय कुठे विकलं जाणार नाही. हे लिहून द्यायला तयार नसतील तर तिथे देऊ नका. सरळ.

---

पायपेटी:

कुठे द्यायचं यावर माझी मतं. गुरुग्रामला एआरसीई (आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी) म्हणून संगीताचं अभिलेखागार आहे, १९८२ पासून, त्यांचं कामच अशा लोकांनी केलेल्या रेकॉर्डिंगचं आहे आणि वकिलीणबाई म्हणतात तसा लेखी करार करून घेतात, देणाऱ्याचे हक्क त्यात नीट लिहिलेले असतात. दिल्लीची संगीत नाटक अकादमी आहे, मुंबईत एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) आहे. तबकड्या निघाल्या तर मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी १९९० पासून हेच करतायत. यंग इंडिया या जुन्या रेकॉर्ड कंपनीच्या तबकड्या ब्रिटिश लायब्ररीच्या एका योजनेतून डिजिटाइझ झाल्या, तेही याच वर्तुळातल्या सुरेश चांदवणकरांनी केलेलं काम. नाटकाच्या कागदांसाठी पुण्याचं भरत नाट्य संशोधन मंदिर, गिरगावातला मुंबई मराठी साहित्य संघ. मी असतो तर मूळ टेप जिथे वातानुकूलित जागा आहे तिथे दिल्या असत्या, भले ते दिल्लीकडे असो, पण यादी आणि स्कॅन महाराष्ट्रात दोन ठिकाणी तरी ठेवले असते, कारण सांगलीतला मुलगा ऐकायला गुरुग्रामला जाणार नाही.

डिजिटायझेशन करून घेताना दुकानदाराला एमपीथ्री नको म्हणून ठणकावून सांगा. डब्ल्यूएव्ही फाईल (यात आवाज दाबला जात नाही), ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, नॉइज रिडक्शन (खरखर काढणं) अजिबात नाही. स्टिरिओ असेल तर तासाला साधारण दोन जीबी होतात, मोनोला एक. आजच्या हार्डडिस्कच्या भावात ते काहीच नाही. प्रत्येक टेपला हेडचा कोन त्या टेपप्रमाणे जुळवून घेतात का ते विचारा, ज्याला हा प्रश्नच कळला नाही त्याच्याकडे देऊ नका. आणि आधी एक कमी महत्त्वाची टेप देऊन बघा.

---

मुक्काम दादर:

वकिलीणबाईंचा करारातला मजकूर मी सेव्ह करून ठेवलाय, माझ्या ओळखीच्यांनाही पाठवतो, त्यांना अजून उशीर झालेला नाही बहुतेक. माझं म्हणणं एवढंच राहील की ताई, शिलेदारांच्या घरून होकार आला तर एक तरी पूर्ण अंक, न कापता, लोकांना ऐकू द्या. मी सौभद्र फक्त तीन मिनिटांच्या पदांत ऐकलंय, अंक सलग कसा चढत जातो ते ऐकायचंय.

---

कृष्णाकाठ:

ते नक्की करायचं मनात आहे, होकार आला की इथेच कळवीन.

घरी आज सगळ्यांना बसवून हा धागा वाचून दाखवला. रद्दीवाला मामेभाऊ वह्या बघत बसला होता, आता तोच एक्सेलमध्ये यादी करतोय, जुनं अक्षर ओळखण्यात त्याचं डोकं चांगलं चालतं. एका वहीत पानाच्या कडेला "का. १" आणि पुढे "स. ढाला" असं बरेच वेळा लिहिलंय, पहिलं काळी एक असणार, दुसरं काय असेल पायपेटी?

---

पायपेटी:

संदर्भ बघावा लागेल, पदाच्या नावाशेजारी आहे की एखाद्या ओळीशेजारी? ओळीशेजारी असेल तर बहुतेक समेबद्दल (तालाच्या पहिल्या मात्रेबद्दल) काहीतरी, ढाला (खालचा) स्वर किंवा ढाली (संथ) लय असंही आम्ही म्हणतो. पानाचा फोटो टाका, पण फ्लॅश न लावता, दिवसाच्या उजेडात, आणि मागचं-पुढचं पान पण.

---

एडिसनकर:

आणि फोटो टाकायच्या आधी त्या पानाला नंबर द्या :) वहीचा नंबर, मग पानाचा. इथे चर्चा सुरू झाली की सहा महिन्यांनी तुम्हालाच सापडणार नाही आपण कुठल्या पानाबद्दल बोलत होतो.